मागच्या दारानं स्वयंसेवक, पुढच्या दारानं लाभार्थी

चि. चिमणीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वेळेवर जेवतेस ना? सरकारी ऑफिसातली माणसं नुसत्या चहावर जगतात म्हणे, तू जगू नकोस. माझे गुडघे आपापल्या जागी आहेत, कुरकुर करतात पण कामावर येतात.

तर आमच्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात फार मजा झाली. मी सकाळी तिथे भाजी निवडते आणि दुपारी तिथेच जेवते, हे तुला ठाऊक आहेच. (एकटीसाठी घरी कुकर लावला की कुकरलाच माझी कीव येते.) केंद्राच्या ताईंनी जेवणाच्या खात्याला कळवलं, ही लाभार्थी. मदतनिसांच्या खात्याला कळवलं, ही स्वयंसेवक. दोन्ही खरंच की! पण दोन खात्यांचे कॉम्प्युटर म्हणजे सख्ख्या जावा, एरवी अबोला आणि बोलल्या की भांडण. वरून पत्र आलं: बाई एकच, नोंदी दोन, एक काढा. म्हणजे भाजी निवडली तर जेवायचं नाही, आणि जेवायचं तर विळीला हात लावायचा नाही. मेली कुठली ही रीत! ताई बिचाऱ्या एकच माहिती तीन खात्यांना तीन तऱ्हांनी भरून आधीच टेकीला आलेल्या, त्यांना रडूच फुटलं. मलाही फुटलं, पण मी कांदा चिरत होते, म्हणून निभावलं.

मग मीच तोड काढली. बारा वाजले की स्वयंसेवकांच्या वहीत सही करून मागच्या दारानं बाहेर पडते, इमारतीला वळसा घालते आणि पुढच्या दारानं लाभार्थी होऊन आत येते. शिंपीबुवांचीही तीच गत (केंद्राचे पडदे शिवतात आणि माझ्या दुप्पट जेवतात). म्हणाले, "आजीबाई, वाटेत कुणी हटकलं तर आपण कोण म्हणून सांगायचं?" म्हटलं, "वाटेत आपण कुणीच नाही. गप चला." आता आम्ही अकराजण रोज रांगेनं वळसा घालतो. आणि ऐक तर खरं, आरोग्य खात्याचा तिसराच तक्ता असतो, रोज किती वृद्ध चालायला जातात त्याचा. ताईंनी लिहिलं, अकरा. तिथून शाबासकीचं पत्र आलं! भिंतीवर लावलंय.

तुझी आजी

ता.क. वळशाच्या वाटेवर चिखल आहे. बंद बूट पाठव, पाच नंबरचे.

आणखी ता.क. ते 'एक काढा'चं पत्र मीही पाहिलं. टाइपातलं वाचायला मला वेळ लागतो, पण खालची सही लगेच ओळखली. तीच लांब शेपटी, सहा वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओढली होतीस ती. अजून पुसू दिलेली नाही. ताईंना बोलले नाही हो. सही झोकदार आली आहे. आता एकदा सुट्टी काढून केंद्रात ये. माझ्याशेजारी बसून वाटाणे सोल, मग पोटभर जेव, आणि मग तूच मला सांग, दोन्हींतली तुझी कुठली नोंद काढू.