दोरीची दोन टोकं

प्रिय दादा,

पत्र बघून घाबरू नकोस, आई बरी आहे. फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवू?’ म्हणतोस, आणि मला जे विचारायचंय ते दोन मिनिटांत मावणारं नाही, म्हणून हा जुना मार्ग. आधी माझी खबर. पोस्टडॉकच्या फेलोशिपसाठी पुन्हा अर्ज केला होता, या वेळी मुलाखतीपर्यंत पोचले. पीएचडीची शिष्यवृत्ती संपल्यापासून मी आईच्या जिवावर जगतेय, हे तुला माहीत आहेच. मध्ययुगीन पोथ्या वाचणाऱ्या बाईला कुत्रंही विचारत नाही. माझे सर तर म्हणतात, अर्ज लिहिणं हाच तुझा खरा विषय.

विषय तुला एकदा सांगितला होता, पण तू जांभया देत होतास, म्हणून पुन्हा सांगते. जुन्या काळी पोथ्या हातानं उतरवून काढणारे लहिये असत. एखादा शब्द वरच्या ओळीत आहे आणि तोच दोन ओळी खाली पुन्हा आलाय, तर मूळ पोथीकडे परत बघताना लहियाचा डोळा चुकून खालच्या शब्दावर पडतो आणि मधलं सगळं गळतं. गंमत म्हणजे वाक्य बिनबोभाट जुळतं. माझ्या पोथीत एक नावाडी तीन बहिणींना नावेत घेतो आणि पलीकडच्या काठावर दोघी उतरतात. पुढच्या सगळ्या प्रतींत तसंच. शेकडो वर्षं लोकांनी ती गोष्ट वाचली आणि तिसरीचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. मला त्या गळण्यापेक्षा या न विचारण्याची जास्त भीती वाटते.

मुलाखतीत समितीनं विचारलं, ओळ गळलीय हे ओळखता कसं? मी म्हटलं, काहीतरी मागे उरतं, ज्याचं आता तिथे कामच नसतं. घरगुती उदाहरण द्या म्हणाले. माझ्या तोंडून पटकन निघालं, की लहानपणी मागच्या अंगणात मी आणि दादा दोरीच्या उड्या खेळायचो. एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, फिरवून फिरवून माझा खांदा भरून यायचा. एवढं बोलून मी थांबले. हे उदाहरण कशाचं, ते माझं मलाच कळेना. कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, दोघंही फिरवत होतात, मग उड्या कोण मारत होतं?

सगळे हसले, मीही हसले. पण दादा, ते मला अगदी नीट दिसतं. तू भिंतीकडे, मी नळाकडे, दोरी जमिनीला लागल्याचा आवाज, आणि त्या आवाजाच्या मधे दुसरा एक, पावलांचा. इतकी वर्षं मी हे आठवत आलेय आणि मधे कधी पाहिलंच नाही.

घरी आले तेव्हा आई चादरींच्या घड्या घालत होती. हल्ली कालचं तिला आज आठवत नाही, पण जुनं कुठून कुठून वर येतं. मी सहज विचारावं तसं विचारलं. मान वर न करता ती म्हणाली, “मधलीला दम लागला की थांबायचं, सांगितलं होतं ना तुम्हाला?” मधली कोण, असं मी विचारलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच भलतं बोलले होते, आणि चादरीचं दुसरं टोक तिनं माझ्या हातात दिलं. मला ते धरवेना.

मग एकेक आठवायला लागलं. तुला थोरला म्हणतात, मला धाकटी. घरात मुलगी एकच असेल तर तिला धाकटी कशाला म्हणतील? तू शिकायला म्हणून बाहेर गेलास तो पुन्हा एक रात्र या घरी राहिला नाहीस. तुझ्या लेकीला मी वाढदिवसाला उड्यांची दोरी पाठवली, ती तू शब्द न बोलता परत केलीस; वहिनी म्हणाली, आमच्याकडे खेळायला जागा नाही. तिच्या या आत्याबाई, म्हणजे मी, रुसल्या होत्या तेव्हा. लहियाचा डोळा तरी चुकून घसरतो. आपल्या घरात तो कोणीतरी मुद्दाम खाली नेला, आणि मी तीच प्रत पाठ करत मोठी झाले.

काल समितीकडून कळवलंय. फेलोशिप मिळाली, फक्त संशोधनाचा आराखडा त्या दोरीच्या उदाहरणानं सुरू करा म्हणतात. आमच्या कामात एक नियम आहे: गळलेली ओळ अंदाजानं भरायची नाही, आधीची प्रत हाती आली तरच भरायची. बाबा गेले. आईची प्रत रोज थोडी विरतेय. मी तेव्हा पाचेक वर्षांची होते, पण तू चांगला दहाचा होतास, दादा. आता आधीची प्रत म्हणजे तूच. तुला नको असेल तर ते उदाहरण मी लिहिणार नाही, फेलोशिप हातची गेली तरी चालेल, पण या वेळी गप्प बसू नकोस. तिचं नाव लिही. आणि अजून एक. मी आठवायला बसले की पावलांचा आवाज थांबतो, आणि त्यानंतरही दोरी फिरतच राहते. ती आपल्याला थांबा म्हणाली होती का?

तुझीच,
धाकटी