अडतीसची पँट

४ जानेवारी, सोमवार

तीन महिने! डॉक्टरने माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं. तीन महिन्यांत साखर उतरली नाही तर इंजेक्शन. रोज. आयुष्यभर. वर हसला. म्हणाला, "मास्तर, रोज पाऊण तास चाला, गोड-तळलेलं बंद, आणि कंबर कमी करा." कंबर कमी करा म्हणे! बत्तीस वर्षं कपडे शिवतोय. कंबर कमी कशी करतात ते हा मला शिकवणार.

पण थोरल्या भावाचा पाय आठवला. आधी अंगठा गेला, मग घोट्यापर्यंत सगळं. त्यालाही कुणीतरी असंच हसत सांगितलं असेल. माझं मशीन पायाचं आहे. पाय गेला की दुकान गेलं. घरी येऊन हिला एवढंच म्हणालो, चहात साखर नको. तिने साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

लिहायची कल्पना लेकीची. परगावी नर्स आहे, तिथून फोनवर हुकूम सोडते. "बाबा, रोज लिहा. राग वहीवर काढा, आईवर नको." म्हणून ही वही.

५ जानेवारी

चाललो. पाऊण तास. पावलागणिक डॉक्टरला शिव्या घातल्या. वेळ बरा गेला.

१० जानेवारी, रविवार

शिंप्याने स्वतःचं माप स्वतः घेऊ नये. आकडा वाचायला वाकलं की पोट पुढे येतं, ताठ राहिलं की आकडा दिसत नाही. आणि हिच्यापुढे टेप घेऊन उभं राहायचं — छे. ती आकडा मोठ्याने वाचते, सवयच आहे तिला. सगळ्या गल्लीला कळेल.

त्यापेक्षा लेकीच्या लग्नात शिवलेली काळी पँट काढली. कंबर अडतीस. दर रविवारी घालून बघायची. बटण लागलं की जिंकलो. आज बटण आणि काज यांच्यात तीन बोटांचं अंतर. श्वास रोखून तीन.

१७ जानेवारी, रविवार

तीन बोटं. तीच! तेरा दिवस झाले, उकडलेला पालापाचोळा खातोय. बागेत तो एक उत्साही म्हातारा रोज हात हलवतो, "छान चाललंय, छान चाललंय!" काय छान चाललंय? चालण्याचे बूट काढले आणि भिंतीवर फेकले. एक मशीनखाली गेला.

"उद्यापासून बंद," म्हणालो.

"बरं," म्हणाली. मान वर न करता. बरं! म्हणजे हिला माहीतच होतं की मी सोडणार. आता मुद्दाम जाणार. हिच्या नाकावर टिच्चून जाणार.

२४ जानेवारी, रविवार

दोन बोटं! दोनदा घालून पाहिली. दोनच.

३ फेब्रुवारी, बुधवार

आज दुकानात हिच्यावर ओरडलो. एप्रनच्या नाड्या मशीनच्या चाकात गुंतल्या. नशीब, हात वाचला. एवढ्या लांब नाड्या लोंबत ठेवायच्या कशाला? "कापून टाक," म्हटलं. ती म्हणाली, "पुढे आणून बांधते ना." हट्टी. नाड्या कमरेभोवती फिरवून पुढे गाठ मारली आणि पुन्हा कामाला लागली. ओरडायला नको होतं. पण मग राग काढायचा कुठे? गोड नाही, तळलेलं नाही, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. सगळं सोडलेल्या माणसाने ओरडायचंही सोडायचं का?

१४ फेब्रुवारी, रविवार

एक बोट. गिऱ्हाइकांना सांगत सुटलोय. माझ्या डोळ्यात माप आहे म्हणून ओळखतात मला — माणूस दारात उभा राहिला की कंबर सांगतो, अर्ध्या इंचाचा फरक पडत नाही. तर आज आरशात बघून स्वतःचीच सांगितली. साडेअडतीस.

ही गालात हसली.

२८ फेब्रुवारी, रविवार

बटण लागलं. बसून पाहिलं, उठून पाहिलं. तुटलं नाही. उत्साही म्हाताऱ्याला आज मीच आधी हात केला.

६ मार्च, शनिवार

फसवलं. माझ्याच घरात, माझ्याच पँटीवर.

इस्त्री करायला उलटी केली. मागची मधली शिवण आम्ही नेहमी दोन इंच जादा कापड ठेवून शिवतो, पुढेमागे सैल करता यावी म्हणून. ते जादा कापड संपलंय. तिथे जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी — एक, दोन, तीन. दर वेळी थोडं उसवलंय, पुन्हा शिवलंय. टोकाला तीनदा मागेपुढे टाका. तो टाका कुणाचा ते मला विचारता? तीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर पडतोय तो.

पँट तिच्यापुढे टाकली. "हे काय?"

"तुम्ही बूट फेकलेत त्या दिवशी," म्हणाली. "मला वाटलं, सोडाल."

"म्हणून खोटं?"

"चालत राहिलात ना."

मी म्हणजे काय लहान पोर? आणि गल्लीभर साडेअडतीसची दवंडी पिटून आलोय. मीच! डोळ्यात माप असलेला! आरशाने तरी सांगायचं होतं.

७ मार्च, रविवार

चाललो नाही. बटाटे तळायला लावले, ताटभर खाल्ले. हिच्या ताटातलेही खाल्ले. "घ्या, मला नको आहेत," म्हणाली. हे असं सोशिक बोलली की आणखी चिडतो मी.

८ मार्च

चाललो नाही. बोललो नाही.

९ मार्च

तेच. बूट दाराशी आणून ठेवलेत तिने. ओलांडून गेलो.

११ मार्च, गुरुवार

महिना आधीच डॉक्टरकडे गेलो होतो. म्हटलं, लावा एकदाचा निकाल, घ्या ते इंजेक्शन आणि टोचा. सकाळी रक्त दिलं, दुपारी कागद आला. साखर उतरलीय! थोडीथोडकी नाही. डॉक्टरने या वेळी कागद दोनदा वाचला. म्हणाला, "मास्तर, कंबर सावकाश उतरेल, तिच्याकडे बघू नका. चालणं सोडू नका."

परतताना पाय आपोआप बागेकडे वळले. पाऊण तास झाला. रागवायला कुणी सापडेना, स्वतःशिवाय. बटण लागेल या आशेवर चाललो आणि साखर चालण्याने उतरली. हिचा खोटेपणा नसता तर बूट अजून मशीनखाली पडलेला असता. माफी मागायची मला सवय नाही. तोंडाने जमत नाही ते हाताने करावं. उद्या हिला नवा एप्रन शिवतो. आखूड नाड्यांचा.

१२ मार्च, शुक्रवार

"माझं माप दुकानाच्या वहीत आहे की," म्हणाली. वहीतलं दोन वर्षांपूर्वीचं. म्हटलं, उभी राहा.

कंबर चार इंच कमी. टेप ताणली गेली असेल म्हणून दुसरी आणली. चारच. दंड कमी, खांद्याचं हाड हाताला लागतंय. चालायला मी जातो. उकडलेलं मी खातो.

"कधीपासून?"

"झाले चार-पाच महिने. भूकच लागत नाही. म्हटलं, आधी तुमचे तीन महिने होऊ देत."

लेकीला फोन केला. उद्या चालायला जाणार नाही. हिला घेऊन दवाखान्यात.