आक्का, निखिलच्या गोळ्या सुरू झाल्यात

प्रिय आक्का,

काल तुझ्या निखिलला दवाखान्यात पुन्हा ट्रेडमिलवर पळवलं. ठोके शेवटपर्यंत सरळ राहिले. हे सगळ्यांत आधी तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसलोय.

तुला काय झालं होतं, ते आम्हाला आत्ता कळलं. पौडच्या स्टँडवर सुटलेली एसटी धरायला तू पळालीस, पडलीस, ती उठलीच नाहीस. निखिल तेव्हा रांगत होता. कुणी म्हणालं फिट आली, कुणी म्हणालं उपाशी होती.

गेल्या उन्हाळ्यात माणच्या मैदानावर क्रिकेट खेळताना मी तसाच पडलो. मी मात्र उठलो. साध्या ईसीजीत काही दिसेना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय?" मी तुझं नाव घेतलं. मग त्यांनी मला पळवून पाहिलं, आणि ठोके वेडेवाकडे व्हायला लागले. रक्तातून आलेला आजार. पळताना, घाबरताना हृदयाची लय बिघडते. आईच्या तपासणीतही तोच निघाला.

ते ऐकून आई म्हणाली, "म्हंजी माझ्याकडनंच गेलं व्हय पोरीला?"

निखिल जांबे गावात खोली घेऊन राहतो, कंपनीत आहे. तपासायला तयारच नव्हता. "मामा, मी रोज जिमला जातो. मला काय होतंय?" शेवटी आई त्याच्या खोलीवर जाऊन बसली. "तुझी आई बी अशीच धडधाकट व्हती. चल." मग गेला तपासायला! त्याचेही ठोके बिघडलेले निघाले.

ठोक्यांना लगाम घालणारी गोळी सुरू झाली. तिनं अंग जड पडायचं, म्हणून पठ्ठ्यानं न सांगता बंद केली आणि ऑफिसच्या जिन्यात कोसळला. थोडक्यात वाचला गं. आता त्या गोळीचं प्रमाण जुळवलंय, जोडीला दुसरी दिलीय. जन्मभर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. जिमही बंद.

आक्का, लग्नाआधी शेतात पळताना तू पडली होतीस, तेव्हा "आईला सांगू नगंस" का म्हणालीस मला? स्थळ मोडेल म्हणून?

आता निखिलचं लग्न जुळतंय. आई म्हणते, "आत्ताच कशाला बोलायचं? मोडंल." न्हाई आक्का. मुलीला मी स्वतः सगळं सांगणार. गोळ्यांचं, जिन्यातलं, तुझंही. मोडलं तर मोडू दे. आणि ठरलं, तर तो पडल्यावर काय करायचं, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल.

तुझा,
बापू