दर मंगळवारी हुपरीला फोन

८ जून २००४, मंगळवार
फोनवरची नोकरी जमतेय. पोट, बी.पी., साखर, चरबी असं सगळंच एकदम वाढलेल्या पेशंटांना दवाखान्यातून दर मंगळवारी फोन. काय खाल्लं, किती चाललात. आई म्हणते, तुला भोचकपणाचा पगार मिळतो. मिळतो खरा!
हुपरीचे दस्तगीरचाचा आज खुशीत. चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडतात, दिवसभर जाळापाशी. "भात बंद, च्या बिनसाखरंचा. पोट बी उतरलंय, म्याडम."

१५ जून
चाचांचा रिपोर्ट आला. साखर वाढलीय! बारीक कड्या दोन-दोन दिसतात म्हणे.
डॉ. : "खोटं बोलतोय. डोळे घालवून बसेल."
भाच्याच्या लग्नातली अर्धी जिलेबी आपण होऊन सांगणारा माणूस खोटं बोलेल? मग साखर येते कुठून? डोक्यातून जाईना.

२२ जून
आज घरी न करता कारखान्यात फोन केला. चाचांचं बोलणं बोबडं.
"तोंडात काय आहे?"
"गूळ की. धूर छातीत बसू नये म्हणून. हितं समद्यांच्याच तोंडात असतोय."
"मला कधी बोलला नाहीत!"
"तुमी खाणं इचारलं. ह्ये औषध हाय."
चोर सापडला! इतका आनंद झाला की लगेच सांगून टाकलं, आजपासून बंद. चाचा म्हणाले, "आमचं अब्बा खोकून खोकून गेलं. त्यांनी कवा गूळ धरला न्हाय तोंडात." फोन ठेवला.

२३ जून
डॉ.ना विचारलं, गुळानं धूर अडतो? "खुळचट समजूत," आणि पुढच्या पेशंटला हाक. पण शेजारचे काका फौंड्रीत आहेत, ते म्हणतात, "आमास्नी मालकच वाटतोय की गूळ." नक्की खरं काय? कुणाला विचारू...

२९ जून, मंगळवार
मी लावायच्या आधी चाचांचाच फोन. गूळ सोडलाय. पण जाळापाशी बसवत नाही, जरा खोकला आला की अब्बा आठवतात.
तोंडाला फडकं बांधा म्हटलं.
"जाळ फुंकणीनं मारतो आमी. तोंड बांधून कसं फुकू?"
वाईट वाटलं फार.
"गूळ खाल्ला तर डोळं, न्हाय खाल्ला तर छाती. काय गेल्यालं बरं, तुमीच सांगा."
पुढच्या मंगळवारी सांगते, म्हटलं.
"सांगा. तवर काम बंद करून बसलोय."