काळ्या फटकाऱ्यांचं कार्ड

आई, मी आता तुझ्या तेव्हाच्या वयाची झाले, तरी पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी हातातलं टाकून दाराकडं धावते. नौबाद गावातल्या आपल्या घरात ती दुपार घडली तेव्हापासूनचं हे. अप्पा जाऊन दोन वर्षं झालेली, तुझा थोरला लेक अण्णा शिकायला अमेरिकेत. तू भाकऱ्या थापतेस आणि मी दारातून एक कार्ड घेऊन येते. कार्डभर काळ्या रंगाचे फटकारे, वाटेत एक कोपराही फाटलेला. आपल्याकडं मयताचं कार्ड कोपरा फाडूनच येई. ते उंबऱ्याच्या आत आणत नसत, बाहेरच वाचून फाडून टाकत. तू पिठाच्या हातानं धावलीस.

"आत आणू नगंस! कोपरा दिसत न्हाई का तुला?"

वाचायच्या आधीच तू त्याचे दोन तुकडे केलेस आणि तिथंच बसलीस. मी घाबरून तुकडे जुळवले.

"आई, अक्षर अण्णाचंच हाय. तो बरा हाय. हे तिथल्या म्युझियममधलं चित्र हाय म्हणं."

"मग काळं कामून पाठवलाय? अजून काय लिवलाय?"

लिहिलं होतं की, मी इथंच लग्न केलं आहे, आता परत येणार नाही, आईला तू सांग.

"दिवाळीला येतो म्हणतोय," मी म्हणाले.

तू हसत हसत रडलीस. तुला अक्षरओळख नव्हती, पण शेजारच्या मास्तरीणबाईंना होती. मागचा मजकूर कुणी वाचू नये म्हणून मीच मैद्याची खळ केली आणि ते तुकडे चित्र वर ठेवून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले. तू येईल त्याला ट्रंक उघडून दाखवायचीस, आणि बाई "मागं काय लिवलाय गं?" म्हणत कडेला नख लावायच्या, तेव्हा मी झटकन झाकण लावून घ्यायचे. पुढं अण्णाची आणखी कार्डं आली, लाल-पिवळ्या ओघळांची. कॉलेजात कळलं की या चित्रांच्या शैलीला अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणतात. मी मात्र ती कधी चित्र म्हणून पाहिलीच नाहीत. प्रत्येक कार्ड आधी पाठीमागून वाचायचं, मग तुझ्यासाठी नवं खोटं रचायचं. "सुट्टी मिळंना म्हणतोय." अशा नऊ दिवाळ्या गेल्या, आणि दरवर्षी तू त्याच्यासाठी डब्यात करंज्या बाजूला काढल्यास.

तुला दुःख होऊ नये म्हणून खोटं बोलले, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. अण्णा येणार नाही हे माझ्या तोंडून कळल्यावर तू माझ्याकडं कशी बघशील, याचीच मला धास्ती होती. तू गेलीस त्या दिवशी मी खूप रडले, आई, पण रडण्याच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं.