देवमाशाच्या मागावर

४ नोव्हेंबर
देवमासा आजही गप्प! नाण्यांच्या या बड्या धन्याचं नाव-गाव कुणालाच ठाऊक नाही, पण त्याच्या पाकिटात किती क्रिप्टो नाणी आहेत ते सगळ्या जगाला दिसतं. त्याने नाणी एक्स्चेंजवर नेली की समजायचं — विकणार, भाव आपटणार. म्हणून मी दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवून असतो. झानेलच्या खुब्याचं ऑपरेशन यातूनच करायचंय. अल्माटीचा डॉक्टर म्हणतो, हिवाळा संपायच्या आत करा, नंतर उपयोग नाही. आठ वर्षांची पोर भिंत धरून चालते. बघवत नाही.

९ नोव्हेंबर
राऊशानच्या माहेरी जेवण. मेव्हण्याला, त्योलेगेनला, भर पंगतीत म्हटलं — भाचीचा मामावर हक्क असतो, थोड्या घोड्या विका, पोरीच्या पायाचं बघा. हसला हरामखोर! मेंढ्याचं डोकं पुढ्यातच होतं, त्याचा कान कापून माझ्या ताटात टाकला. कान लहान पोरांना देतात, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. मी बेचाळीसचा!
"घ्या जावईबापू. आणि मोबाइलमध्ये मासे पकडणं सोडा, एखादी नोकरी धरा."
सगळी पंगत खो खो हसली. राऊशानसुद्धा, ओठ दाबून. आणि मी तो कान खाल्ला.

१० नोव्हेंबर
बघून घेईन त्याला.

१७ नोव्हेंबर
हलला! चहा ओततानाच मोबाइल वाजला — देवमाशाचं अर्धं पाकीट एक्स्चेंजवर. माझं होतं नव्हतं ते आधी विकून टाकलं. मग त्योलेगेनला फोन. आवाजात नुसता मध!
"दादा, त्या दिवशी चुकलं माझं. आतली खबर देतो, फक्त घरच्या माणसाला. देवमासा खरेदी करतोय. आजच घ्या."
"घोड्यांचे पैसे कालच हातात आलेत. सगळे लावू?"
म्हणजे विकल्या की घोड्या! पैसा होता, फक्त आमच्यासाठी नव्हता.
"सगळे लावा."
"नक्की ना? झानेलची शपथ घ्या."
घेतली. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर
आपटला! भाव निम्म्याच्याही खाली. त्योलेगेनचे फोनवर फोन. मुद्दाम वाजू दिले, मग उचलला.
"काढून घेऊ का हो?" रडकुंडीला आला होता.
"थांबा दादा, वर येईल."
अजून खाली गेला. काय गोड झोप लागली दुपारी! माझे पैसे वाचले. ऑपरेशनला पुरायचे नाहीत, पण त्याची जिरली ना!

२२ नोव्हेंबर
त्योलेगेन आला होता. आत येईना. उंबऱ्याबाहेरूनच राऊशानला म्हणाला, "झानेलचे पैसे दवाखान्यात भरायला म्हणूनच घोड्या विकल्या होत्या गं. चारचौघांत मागितलं म्हणून मी चिडलो, पण नाही कसं म्हणेन? म्हटलं दुप्पट झाले तर पोरीच्या शिक्षणालाही होतील." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही भल्यासाठीच सांगितलंत, जावईबापू. मीच अडाणी, काहीतरी चुकीचं दाबलं असेल. माफ करा मला."
राऊशान माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, होतं असं कधी कधी.