आधी मंजूची घागर

मी, पुष्पाबाई निवृत्ती खर्चे, राहणार वडगाव, तालुका मोताळा, तिसरी शिकलेली, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकात न येता, आणि खुशीत असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. खुशी कशाची ते पुढे येईल.

१. राहतं घर मुलगा रवी याला. तो पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, तू एकटी काऊन राह्यतं तिथं?" त्यानं घर खुशाल विकावं, पण माझ्यामागं.

२. पितळी डबे सुनेला. माझं सूप धाकट्या जावेनं नेलं आहे, ते तिच्याकडेच राहू द्यावं. "बाई एवढी बोलते म्हणजे बरी आहे," असं ती टेम्पोच्या अपघातानंतर गावभर सांगत होती. बोलणारं माणूस बरंच असतं काय? घरी आल्यावर मी कोणाशी बोलते, हे तिनं कधी पाहिलं नाही.

३. नात प्राची अमरावतीला मानसशास्त्र शिकते. संकटातून वाचलेलं माणूस कसं बोलतं, त्यावरून त्याच्या मनाचं कळतं म्हणे. बऱ्याच वर्षांमागं बाजारातून येताना आमचा टेम्पो उलटला होता, ती गोष्ट तिनं दिवाळीत विचारली. मी नेहमीसारखी सांगितली. टमाटे रस्ताभर, तेलाचा डबा चेपला, एक चप्पल बाभळीत अडकली.

पोरगी म्हणाली, "आजी, तुह्या गोष्टीत सामान सारं हाय, माणूस एकबी नाही. टेम्पोत कोन होतं?"

गावाला माहीत होतं, पण मला कोणी विचारत नव्हतं. मी चहा ठेवला. मग म्हटलं, "माही लेक मंजुश्री होती. पोत्यावर बसून बोरं खात होती. ती गेली, मी राह्यली."

प्राची माझा हात धरून बसली. चहा उतू गेला. त्या दिवसापासून मी खुश आहे. सांजेला दिवा लावताना मंजूला हाक मारते. उत्तर येत नाही, तरी मारते. माझ्या गोधड्या प्राचीला, सगळ्या.

४. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्यात गेलेल्या माणसाची घागर नाव घेऊन भरतात. मालकांची दरवर्षी भरली. मंजूची एकदाही नाही, नाव तोंडातून निघत नव्हतं. यंदा मी भरीन. माझ्यानंतर हा मान प्राचीचा, मुलगी म्हणून तिला कोणी अडवू नये. मंजूची आणि माझी घागर शेजारी ठेवावी. आधी तिचं नाव मोठ्यानं घ्यावं, मग माझं.

साक्षीदार: रंगराव (शेजारी), भागवत (किराणावाले). दोघांना वाचून दाखवलं. मंजूचं नाव आलं तेव्हा रंगराव मध्येच बाहेर जाऊन आले.

सही: पुष्पाबाई निवृत्ती खर्चे
वडगाव, १२ जानेवारी २०२५